संत्र्यांचे गाव आणि मायल क्रीकचा खडक

गावाचा इतिहास म्हणून आपल्यासमोर जे येते ते बहुधा गावाने स्वतःविषयी करून घेतलेले कौतुक असते. देऊळ कोणी बांधले, वाडा कोणाचा, शाळा कोणत्या साली निघाली, जत्रेला किती माणूस लोटते, एवढ्यावर तो संपतो. ज्यांच्या घामावर वाडा उभा राहिला आणि ज्यांना देवळाच्या पायरीशी उभे राहू दिले नाही, त्यांची नोंद त्या पानांत नसते. हा काही केवळ आपल्या गावांचा दोष नाही. जिथे जिथे एका समाजाने दुसऱ्याची जमीन आणि माणूसपण हिरावून घेतले, तिथे तिथे गावाची स्मृती अशीच चाळणीतून गाळली गेली आहे. ही चाळणी कशी चालते आणि ती फोडायची झाली तर काय पडते, हे समजून घेण्यासाठी मी या लेखात ऑस्ट्रेलियातील एका लहानशा, शांत गावाचा इतिहास मांडणार आहे. त्या गावाचे नाव बिंगारा.

न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात ग्वायडर नदीच्या काठी हे गाव वसले आहे. वस्ती दीड हजाराहूनही कमी. भोवती मेंढ्या, गुरे आणि गहू. १८५२ साली इथे सोने सापडले आणि देशोदेशीची माणसे धावली. पुढे १८७० नंतरच्या वर्षांत हिरेही निघाले. खाणी आटल्या तशी माणसे निघून गेली आणि गाव पुन्हा शेतीवर येऊन स्थिरावले. १९३६ साली ग्रीसहून आलेल्या तिघा भागीदारांनी 'रॉक्सी' नावाचे एक देखणे नाट्यगृह बांधले. ते अनेक वर्षे बंद होते. २००४ साली डागडुजी करून पुन्हा सुरू झाले.

गावाचा सर्वांत जिव्हाळ्याचा ठेवा मात्र वेगळाच आहे. मुख्य रस्त्यावर संत्र्यांच्या झाडांची रांग आहे. महायुद्धांत मारल्या गेलेल्या गावच्या जवानांची आठवण म्हणून ही झाडे लावली. फळे पिकली तरी कोणी हात लावत नाही. ठरल्या दिवशी शाळेची मुले येतात आणि संत्री तोडतात. रस्त्यावरचे फळ, राखण कोणाची नाही, आणि तरीही ते कोणी चोरत नाही! स्मृती जपावी कशी, हे या गावाला शिकवावे लागत नाही, असे कोणीही म्हणेल.

पण याच गावापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर मायल क्रीक नावाचा एक ओढा आहे. तिथे १८३८ साली जे घडले त्याची आठवण दगडावर कोरायला एकशे बासष्ट वर्षे जावी लागली. संत्र्यांची झाडे आणि हा ओढा यांच्यामधले जे अंतर आहे, ते किलोमीटरांत मोजता येणार नाही. ते मोजण्यासाठीच हा लेख आहे.

१

१८२७ साली ॲलन कनिंगहॅम नावाचा गोरा प्रवासी ग्वायडर नदीपाशी पोचला आणि इंग्लंडातल्या एका उमरावाचे नाव त्याने नदीला देऊन टाकले. नदीला आधी नाव नव्हते असे नाही. हजारो वर्षे हा मुलूख गमिलराय लोकांचा होता आणि ओढ्याच्या परिसरात त्यांच्यातले विरयराय कुळ राहत होते. पण ब्रिटिश सत्तेच्या लेखी ही भूमी कोणाचीच नव्हती. माणसे होती, पण मालक नव्हते. वस्ती होती, पण हक्क नव्हता. कायद्याच्या या एका लबाडीवर सबंध खंड बळकावला गेला. ती लबाडी होती हे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले १९९२ साली, माबो खटल्याच्या निकालात.

१८३० नंतर सिडनीकडचे धनिक आपले कळप उत्तरेकडे हाकू लागले. सरकारी हद्दीपलीकडच्या जमिनीवर गुरे घालून बसणाऱ्या या मालकांना तिकडे 'स्क्वॉटर' म्हणत. मालक स्वतः क्वचितच येई. जंगलात राहत ते त्याचे गुराखी, आणि हे गुराखी बहुतेक करून इंग्लंड-आयर्लंडातून सजा म्हणून पाठवलेले कैदी होते. किरकोळ चोऱ्यांसाठीही सात-सात वर्षे, चौदा-चौदा वर्षे काळ्या पाण्यावर धाडलेली ही दरिद्री माणसे. त्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते आणि हातात मालकाची तलवार. हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढच्या घटनेचा अर्थ त्यावाचून लागत नाही.

गुरे आली तशी पाणवठे तुडवले गेले, शिकार नाहीशी झाली. भुकेलेल्या लोकांनी गुरे मारली, काही ठिकाणी गुराखीही मारले. त्याला उत्तर म्हणून मेजर नन याच्या घोडेस्वार पोलिसांनी १८३८ च्या जानेवारीत वॉटर्लू क्रीक इथे गमिलराय लोकांवर गोळ्या झाडल्या. मग जमीनवाल्यांच्या टोळ्याही घोड्यावर बसून माणसांची शिकार करत हिंडू लागल्या. सरकारने जे वर्दीत केले तेच त्यांनी वर्दीवाचून केले.

२

हेन्री डेंजर हा मोठा जमीनदार. मायल क्रीकच्या काठी त्याचे गुरांचे ठाणे होते. १८३८ च्या मे महिन्यात विरयराय लोकांचा एक गट या ठाण्यावर येऊन राहिला. त्यांना बोलावले होते तिथल्याच चार्ल्स किलमीस्टर नावाच्या गुराख्याने. इथे राहिलात तर टोळ्यांपासून सुरक्षित राहाल, असा भरवसा होता. लोक झोपडीशेजारी राहू लागले. मुले खेळू लागली. संध्याकाळी नाच होई, किलमीस्टर त्यांत रमे.

१० जून १८३८ चा रविवार. ठाण्याचा कारभारी विल्यम हॉब्स बाहेरगावी होता. गटातले धडधाकट दहा पुरुष शेजारच्या ठाण्यावर झाडाची साल काढायला गेले होते. मागे राहिले होते म्हातारे, बाया आणि पोरे. दुपार कलताना अकरा घोडेस्वार आले. त्यांतले दहा जण कैदी किंवा सजा भोगून सुटलेले होते. अकरावा जॉन फ्लेमिंग, याच भूमीत जन्मलेला, जमीनवाल्या घरातला तरुण. तोच म्होरक्या होता. घोडेस्वार पाहताच लोक घाबरून झोपडीत शिरले, जॉर्ज अँडरसन नावाच्या झोपडी राखणाऱ्या कैद्याकडे आसरा मागू लागले. टोळीने त्यांना बाहेर ओढले, एका लांब दोराला सगळ्यांना बांधले आणि टेकडीपलीकडे नेले. किलमीस्टरही घोड्यावर बसला आणि त्यांच्यात सामील झाला. ज्याने बोलावले तोच मारायला गेला.

बंदुकीचे बार ऐकू आले ते फक्त दोन. बाकीचे काम तलवारींनी झाले. निदान अठ्ठावीस माणसे कापली गेली. दोन दिवसांनी टोळी परत आली आणि तिने प्रेते जाळली.

मेलेल्यांची नावे आपल्याला किती ठाऊक आहेत? डॅडी, किंग सँडी, सँडी, मार्था, जोई, चार्ली. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. आणि ही नावेसुद्धा त्यांची नव्हेत, गोऱ्यांनी आपल्या सोयीसाठी ठेवलेली. त्यांच्या आयांनी त्यांना कोणत्या नावांनी हाका मारल्या, ते कोर्टाच्या कागदांत उतरले नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावे गावकीने टवाळीने ठेवली आणि तीच तलाठ्याच्या दप्तरात कायम झाली, त्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

३

एवढ्यावर गोष्ट संपली असती. अशा शेकडो गोष्टी एवढ्यावरच संपल्या. पण हॉब्स परतला, त्याने जळालेले अवशेष पाहिले आणि तो गप्प बसला नाही. फ्रेडरिक फूट नावाच्या शेजारच्या ठाण्यावरच्या माणसाने सिडनीपर्यंत घोडा पिटाळून बातमी सरकारात पोचवली. गव्हर्नर जॉर्ज गिप्स त्याच वर्षी आला होता. त्याने पोलीस मॅजिस्ट्रेट एडवर्ड डेनी डे याला तपासाला धाडले. डे याने साक्षी गोळा करून बारांपैकी अकरा जणांना पकडले. निसटला तो एकटा फ्लेमिंग.

सिडनीत गदारोळ उठला. तो हत्याकांडाविरुद्ध नव्हता, खटल्याविरुद्ध होता. काळ्यांना मारल्याबद्दल गोऱ्यांवर खटला, ही कल्पनाच प्रतिष्ठितांना सहन होईना. जमीनदारांनी वर्गणी काढून आरोपींसाठी नामांकित वकील दिले. डेंजरने हॉब्सची नोकरी काढून घेतली. 'सिडनी हेरल्ड' या पत्राने मेलेल्यांना माणसात न गणणारा मजकूर छापला. पहिला खटला १५ नोव्हेंबर १८३८ रोजी उभा राहिला. आरोप डॅडी नावाच्या वृद्धाच्या खुनाचा होता. प्रेत जळालेले, ते नेमके कोणाचे, याची शंका काढण्यात आली. ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत सर्वांना निर्दोष ठरवले. न्यायालयात टाळ्या पडल्या.

सरकारी मुख्य वकील जॉन प्लंकेट हा आयरिश कॅथलिक, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात स्वतःही दुय्यम ठरलेल्या समाजातला. त्याने हार मानली नाही. सात जणांवर त्याने एका मुलाच्या खुनाचा नवा आरोप ठेवला. नोव्हेंबरच्या अखेरीस दुसरा खटला चालला आणि सातही जण दोषी ठरले. १८ डिसेंबर १८३८ रोजी त्यांना सिडनीच्या तुरुंगात फाशी दिले.

फाशीपूर्वी त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यापाशी गुन्हा कबूल केला. वर असेही सांगितले, की काळ्यांना मारणे हा कायद्याने गुन्हा असतो हे आम्हांला ठाऊक नव्हते, कारण असे नेहमीच घडत आले होते. या कबुलीत पश्चात्ताप किती होता ते सोडून देऊ. पण इतिहासाच्या दृष्टीने याइतकी मोलाची साक्ष दुसरी नाही. मायल क्रीक हा अपवाद ठरला तो हत्येमुळे नव्हे. हत्या रोजची होती. अपवाद होती ती शिक्षा.

४

या खटल्यातून तीन गोष्टी आपण नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली, साक्षीची. अँडरसनखेरीज ही घटना जवळून पाहणारा आणखी एक जण होता. ठाण्यावर काम करणारा यिंतायिंतिन नावाचा मूळ रहिवासी तरुण. गोरे त्याला डेव्ही म्हणत. तो टोळीच्या मागोमाग गेला होता, त्याने पाहिले होते. पण तो ख्रिस्ती नव्हता, म्हणून त्याला शपथ घेता येत नव्हती. आणि शपथ नाही म्हणून साक्ष नाही. उरलेल्या चौघा आरोपींवर खटला चालवायचा तर त्याची साक्ष हवी होती. त्याला शपथेचा अर्थ शिकवून साक्षीला उभे करण्याचा विचार झाला, पण तो पुढे सापडलाच नाही. १८३९ साली ते चौघे सुटले. मूळ रहिवाशांची साक्ष ग्राह्य धरणारा कायदा त्याच वर्षी वसाहतीत झाला, तो लंडनच्या सरकारने रद्द केला. १८४४ साली पुन्हा आलेले विधेयक वसाहतीच्या कौन्सिलाने पाडले. अखेर १८७६ साली ही अट गेली. म्हणजे जवळजवळ सबंध शतकभर त्या भूमीत मूळ रहिवाशाला मारण्यासाठी एवढीच खबरदारी पुरेशी होती, की पाहणारा गोरा नसावा. साक्षीलाही वर्ण लावणारी मनुस्मृती बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला का जाळली, याचे उत्तर हवे असेल त्याने हा खटला वाचावा. ज्याचा शब्द धरला जात नाही, त्याचा जीवही धरला जात नाही.

दुसरी गोष्ट, दोर कोणाच्या गळ्यात पडला याची. फासावर गेले ते सातही जण तळचे होते. ज्यांच्या गुरांसाठी जमीन मोकळी व्हायची होती, ते वर्गणी काढून घरी बसले. म्होरक्या फ्लेमिंग कधीच पकडला गेला नाही. पुढे हॉक्सबरी भागात तो चर्चचा कारभार पाहणारा प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून जगला आणि १८९४ साली अंथरुणावर मेला. मालकाने ज्यांच्या पाठी सोलल्या त्यांनीच मालकासाठी आपल्याहून दुबळ्यांच्या माना कापल्या. त्यांचे पाप त्यामुळे हलके होत नाही. अँडरसनही कैदीच होता. त्यानेही चाबूक खाल्ला होता. पण त्याने टोळीत जायचे नाकारले आणि कोर्टात उभे राहून जे पाहिले ते सांगितले. दारिद्र्य माणसाला क्रूर करतेच असे नाही. निवड करण्याची एक जागा शिल्लक राहते. आपल्याकडच्या वस्त्यांवर जेव्हा हल्ले होतात तेव्हा काठ्या घेऊन पुढे कोण असतो आणि वाड्यात बसून पाहत कोण असतो, याचा हिशेब चळवळीने असाच दोन्ही टोकांनी मांडला पाहिजे.

तिसरी गोष्ट, शिक्षेनंतर काय झाले याची. सात जण फासावर गेले म्हणून हत्या थांबल्या नाहीत. त्या बोलायच्या थांबल्या. मारणाऱ्यांनी धडा घेतला तो एवढाच, की मागे खूण ठेवायची नाही आणि तोंड उघडायचे नाही. इतिहासकार लिंडल रायन यांनी न्यूकॅसल विद्यापीठात सहकाऱ्यांसह हत्याकांडांचा नकाशा तयार केला. त्याचा पहिला भाग २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका वेळी सहा किंवा अधिक निराधार माणसे मारली गेली अशा चारशेहून अधिक जागा त्यावर नोंदल्या आहेत. उत्तरेकडच्या कोनिस्टनचे हत्याकांड तर १९२८ सालचे, म्हणजे आपल्या महाडच्या सत्याग्रहानंतरचे.

५

आता पुन्हा बिंगाराकडे येऊ.

१९६५ साली लेन पेन नावाच्या गावच्याच एका गोऱ्या रहिवाशाने सुचवले, की मायल क्रीकला मारल्या गेलेल्या लोकांचे स्मारक व्हावे. गाव खवळले. इतक्या वर्षांपूर्वीचे उकरून काय मिळणार? आताच्या लोकांचा त्यात काय दोष? गावाची नाचक्की कशाला? हे प्रश्न वाचकांना ओळखीचे वाटतील. सूचना बारगळली. पेन आपला दरवर्षी जाऊन त्या जागी फुले वाहत राहिला. गाव संत्र्यांना जपत राहिले.

त्याच १९६५ च्या फेब्रुवारीत तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या मोरी गावी चार्ल्स पर्किन्स हा मूळ रहिवासी तरुण सिडनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना बसमधून घेऊन आला. मोरीच्या नगरपालिकेने १९५५ साली ठराव करून मूळ रहिवाशांना सार्वजनिक तरणतलावाची बंदी केली होती. पर्किन्सने त्यांची मुले सोबत घेतली आणि तलावावर धडक मारली. अंडी, टोमॅटो, दगड अंगावर घेतले. चवदार तळ्याच्या पाण्याची चव ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मोरीच्या त्या मुलांकडे परके म्हणून पाहू नये. पुढे १९७२ साली तर दोन्हीकडे एकाच वेळी ठिणगी पडली. २६ जानेवारीला कॅनबेराच्या संसदेसमोर मूळ रहिवासी तरुणांनी तंबू ठोकून 'वकिलात' उघडली, ब्रिस्बेनमध्ये ब्लॅक पँथरचा पक्ष उभा राहिला. आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्माला आली. वंश आणि जात या एकच गोष्टी नव्हेत, हे बाबासाहेबांनी पुराव्यानिशी सांगून ठेवले आहे आणि तो भेद विसरून चालणार नाही. पण ज्यांना वगळले त्यांनी वगळणाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे, ही रीत एकच आहे.

मायल क्रीकची कोंडी फुटली ती १९९८ साली. वाचलेल्यांच्या वंशातल्या स्यू ब्लॅकलॉक यांच्या मनात या जागी स्मारक व्हावे असे फार दिवस होते. चर्चच्या काही कार्यकर्त्यांनी तिथल्याच सभागृहात परिषद भरवली आणि काळे-गोरे मिळून समिती झाली. १० जून २००० रोजी टेकडीवर एका मोठ्या खडकाचे स्मारक उभे राहिले. पायवाटेवर शिळा आहेत. त्यांवर त्या दिवसाची हकीगत गमिलराय आणि इंग्रजी अशा दोन भाषांत कोरली आहे. समारंभाला मारल्या गेलेल्यांचे वंशज आले तसे मारणाऱ्यांचेही आले. ब्यूला ॲडम्स आणि डेस ब्लेक या दोघांनी, आम्ही त्या टोळीतल्या माणसांच्या कुळातले, असे उघडपणे सांगितले आणि स्यू ब्लॅकलॉक यांना मिठी मारली.

हे चित्र सुंदर आहे, पण ते पाहून भाबडे होऊ नये. २००५ साली कोणीतरी रात्री येऊन शिळांवरचे शब्द हातोडीने फोडले. 'खून', 'बाया', 'मुले' हेच शब्द नेमके निवडून फोडले. म्हणजे हातोडी मारणाऱ्यालाही नीट वाचता येत होते. शब्द पुन्हा कोरण्यात आले. २००८ साली ही जागा राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदली गेली. २०२३ च्या जूनमध्ये जुन्या 'सिडनी हेरल्ड'च्या वारस पत्राने १८३८ सालच्या लिखाणाबद्दल माफी मागितली. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, मूळ रहिवाशांना राज्यघटनेत सल्ला देणारा आवाज मिळावा या प्रश्नावर देशभर सार्वमत झाले, तेव्हा साठ टक्के मते विरोधात पडली. मेलेल्यांची माफी मागणे सोपे असते. जिवंतांना वाटा देणे अवघड.

६

तरीही मायल क्रीकच्या खडकाला मी कमी लेखत नाही. त्याने एक गोष्ट केली जी आपल्या एकाही गावात अजून झालेली नाही. मारणाऱ्यांच्या घरातली माणसे स्वतःहून पुढे आली आणि 'हे आमच्यांनी केले' असे म्हणाली. आपल्याकडे काय होते? खैरलांजीत २००६ साली एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली. २००८ साली खालच्या कोर्टाने आरोपींना दोषी धरले, फाशीही सुनावली, पण जातीच्या कारणाने हे घडले असे मानले नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि जातीच्या प्रश्नावर तेच मत कायम ठेवले. हातोडी न उचलता नेमका शब्द फोडण्याची ही रीत आहे. खून राहतो, जात पुसली जाते.

म्हणून विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांना माझे सांगणे आहे. आपापल्या गावाचा इतिहास लिहायला घ्या. पाणवठा कोणत्या साली खुला झाला, बहिष्कार कधी पडला, वस्ती कोणी पेटवली, फिर्याद कोणी दिली, साक्ष कोणी फिरवली, हे तारीखवार लिहून काढा. म्हाताऱ्या बायांपाशी बसा. त्यांची खरी नावे विचारा आणि खऱ्या नावांनिशी नोंदवा. ज्याने सवर्णांत राहून खरे सांगितले असेल त्या एखाद्या हॉब्सचे, एखाद्या अँडरसनचे नावही गाळू नका. आपला इतिहास सूडाचा नाही, साक्षीचा आहे.

बिंगाराची पोरे पुढच्या हंगामातही संत्री तोडतील. त्यांनी ती अवश्य तोडावीत; युद्धात मेलेला जवानही कोणाचे तरी लेकरूच असतो. आता त्याच रस्त्याने पुढे गेले की टेकडीवर तो खडक लागतो, आणि दरवर्षी जूनमध्ये माणसे तिथे जमतात. एका गावाला दोन्ही मेलेल्यांची आठवण ठेवता येते, एवढे तरी तिथे सिद्ध झाले आहे. आपल्या गावांनी अजून दुसऱ्या आठवणीला हात घातलेला नाही. तो आपल्यालाच घालावा लागणार आहे.